वॉरंटीबाहेरच्या गाडीचं स्टिअरिंग जड झालं तर

चालत्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बंद पडलं तरी चाकं वळतातच. स्टिअरिंगपासून रॅकपर्यंतचा लोखंडी दांडा जागेवर असतो. गेलेली असते ती मोटरची किंवा तेलाच्या दाबाची मदत. हे सगळ्यात आधी सांगायचं कारण, बोरघाटात किंवा आंबोलीच्या वळणावर स्टिअरिंग अचानक जड झालं की माणूस घाबरून नेमकं नको ते करतो. रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक दाबतो, नाहीतर चावी फिरवून इंजिन बंद करतो. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते. चावी बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होण्याचीही भीती. मग मात्र गाडी खरोखर हाताबाहेर जाते.

त्याऐवजी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, चारही इंडिकेटर लावा आणि गाडीचा वेग उरलेला असतानाच डावी कड गाठा. चालत्या गाडीचं स्टिअरिंग त्यातल्या त्यात हलकं असतं. सगळ्यात जास्त जोर लागतो तो शेवटच्या दहा-वीस फुटांत, गाडी जवळजवळ थांबल्यावर. एक्सप्रेसवेवर थांबलात तर आतल्या माणसांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगपलीकडे उभं करा. बिघाड काय आहे ते नंतर बघू.

‘आम्ही मारुती ८०० चालवलेली माणसं, आम्हाला काय त्याचं’ असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना नम्रपणे सांगावं लागतं की पॉवर स्टिअरिंगसाठी बनवलेली गाडी मदत गेल्यावर ८०० पेक्षा बरीच जड लागते. तिचे टायर रुंद असतात, पुढच्या भागाचं वजन जास्त असतं, आणि बंद पडलेली मोटर किंवा पंपातलं तेलही आपल्यालाच हातांनी फिरवावं लागतं.

गाडी तशीच चालवत गॅरेजपर्यंत न्यायची की उचलून न्यायची, हे लक्षणं पाहून ठरवा. स्टिअरिंग नुसतं जड आहे, पण दोन्ही बाजूंना सारखं वळतंय आणि सरळही राहतंय, तर गर्दी टाळून हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पण स्टिअरिंगला अचानक मोकळा खेळ आला असेल, मध्येच अडकत असेल, खालून खट्ट आवाज येत असेल किंवा ते आपोआप एका बाजूला ओढलं जात असेल, तर एक मीटरही चालवू नका, टो व्हॅनच बोलवा. मदत कधी येते, कधी जाते, हा प्रकारही वाईटच. वळणावर जोर लावून धरलेलं स्टिअरिंग अर्ध्यात हलकं झालं की गाडी समोरच्या लेनमध्ये गेलीच म्हणून समजा.

आधी स्वस्तातलं तपासा

बोनेट उघडण्याआधी आपल्या गाडीत कोणतं पॉवर स्टिअरिंग आहे ते माहीत हवं. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो अशा गाड्यांत हायड्रॉलिक असतं: इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाची छोटी टाकी, जाड होज आणि रॅक. वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन अशा छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक असतं. तेच ईपीएस. त्यात बहुतेकदा डॅशबोर्डखाली स्टिअरिंगच्या कॉलमवरच मोटर बसवलेली असते आणि तेल अजिबात नसतं. ईपीएसच्या गाडीच्या बिलावर ‘पॉवर स्टिअरिंग ऑइल टॉप-अप’ अशी ओळ आढळली, तर बाकीचं बिलही चष्मा लावून वाचा.

स्टिअरिंग हळूहळू काही महिन्यांत जड होत गेलं असेल, तर पॉवर स्टिअरिंगला दोष देण्याआधी पुढच्या टायरमधली हवा बघा. हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं, आणि ही तपासणी पेट्रोल पंपावर फुकट होते. पुढच्या स्ट्रटवरचं बेअरिंग खराब झालं, बॉल जॉइंट सुकला, किंवा पायाजवळच्या मधल्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट गंजला तरी तोच त्रास होतो. यातला शेवटचा ओळखता येतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवताना ठरावीक जागी जड, पुढे हलकं, पुन्हा जड असं लागतं. यातल्या कशासाठीही ईपीएसची असेंब्ली बदलायची गरज नसते. तरी ती बदलली जाते, हे वेगळं.

हायड्रॉलिकमध्ये निम्मं निदान डोळ्यांनी आणि कानांनी होतं. टाकीतल्या तेलाची पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का? तेल काळं पडलंय किंवा त्यात फेस आहे का? फेस म्हणजे कुठूनतरी हवा ओढली जातेय. स्टिअरिंग वळवताना पंप विव्हळल्यासारखा आवाज करतो का? रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बूटमध्ये तेल साचलंय का? बूट जरा दाबून बघितला तरी कळतं. आत तेल असेल तर रॅकची सील गेलेली असतात. पट्टा तुटलेला किंवा सैल असेल तर निदान तिथेच संपलं. मात्र अनेक गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून स्टिअरिंग जड, बॅटरीचा दिवा लाल आणि तापमानाचा काटा वर, असं तिन्ही एकदम झालं तर गाडी पुढे रेटू नका. स्टिअरिंगच्या नादात इंजिन बसेल.

तेल कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच भरा. घाईत हाताला लागलं म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका, त्याने सील फुगून निकामी होतात. शिवाय तेल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गळलंय. दर महिन्याला टॉप-अप करत राहणं म्हणजे पंपाचं आयुष्य कमी करणं.

ईपीएसचं तसं नाही. तिथे डोळ्याला फारसं दिसत नाही, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. ही मोटर जागेवर उभ्या गाडीत पूर्ण वळण घेताना बॅटरीकडून मोठा करंट मागते. बॅटरी थकलेली असेल, अल्टरनेटर कमी चार्ज करत असेल, किंवा अर्थची वायर गंजली असेल, तर व्होल्टेज खाली जातं आणि कंट्रोल युनिट स्वतःच्या बचावासाठी मदत बंद करतं. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं चित्र आणि उद्गारचिन्हाचा दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा जातो आणि दोन दिवसांनी परत येतो. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गेलेल्या, किंवा घरासमोर उभी राहून उंदरांनी वायरी कुरतडलेल्या गाड्यांत हे हमखास होतं.

यासाठी एक साधी चाचणी आहे. कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास. आता मीटरचे दोन्ही पिन बॅटरीवर धरून ठेवायचे आणि दुसऱ्याला गाडीत बसवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगायचं. आकडा थोडा खाली येणारच. पण तो भसकन पडून बारापेक्षा खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरकडे बघा. मग मीटरचा एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा गाडीच्या बॉडीवर स्वच्छ धातूला लावून तेच करा. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर अर्थ खराब आहे. बॅटरीजवळची ती जाड काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते, तो बोल्ट काढून बघा. खाली हिरवट-पांढरा थर साचलेला असतो. तो सँडपेपरने घासून, थोडं ग्रीस लावून बोल्ट पुन्हा कसायला फार वेळ लागत नाही. ईपीएसचा फ्यूज आणि मोटरजवळचा कनेक्टरही याच फेरीत बघून घ्यायचा.

अजून एक सवय. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन तसंच दाबून धरू नका. ईपीएसची मोटर तापते आणि थंड होईपर्यंत मदत कमी करते. हायड्रॉलिकमध्ये तेल तापून पंपावर ताण येतो. तापल्यामुळे जड झालेलं स्टिअरिंग दहा-पंधरा मिनिटांनी पूर्ववत होत असेल, तर तो बिघाड नसून संरक्षण असू शकतं.

‘सिस्टीमच फेल दाखवतंय’

एवढं करूनही दिवा जात नसेल तर स्कॅनिंगला पर्याय नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. काही गाड्यांत त्याने कंट्रोल युनिटमध्ये साठलेले बिघाडाचे कोड पुसले जातात आणि पुरावाच जातो. दिवा लागलेला असताना मोबाइलवर व्हिडिओ मात्र काढून ठेवा, त्यात किलोमीटरचा आकडा दिसला पाहिजे. बाजारात मिळणारे हजार-पाचशेचे ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. स्टिअरिंगचे कोड ‘सी’ने सुरू होतात, आणि ते वाचायला त्या कंपनीचा किंवा चांगल्या दर्जाचा स्कॅनर लागतो.

काउंटरवरचा संवाद साधारण असा होतो:

‘साहेब, असेंब्ली बदलावी लागेल.’

‘कोड काय आला?’

‘सिस्टीमच फेल दाखवतंय.’

‘नंबर काय आहे? त्याचा प्रिंट किंवा फोटो द्या. आणि बॅटरीचं व्होल्टेज, अर्थ, फ्यूज, कनेक्टर बघितलंय असं जॉब कार्डवर लिहून द्या.’

यावर समोरचा माणूस दोन मिनिटं आत जातो. बाहेर येताना तो कोड घेऊन आला तर चांगलं वर्कशॉप आहे. ‘तसं देत नाही’ म्हणाला, तर निदानाचे पैसे भरून गाडी बाहेर काढा. व्होल्टेज कमी असल्याचा कोड वेगळा, टॉर्क सेन्सरचा वेगळा, मोटरचा वेगळा, कंट्रोल युनिटचा वेगळा. यातल्या पहिल्यासाठी असेंब्ली बदलली तर पाच आकडी बिल भरूनही दिवा परत येतो. वॉरंटी असताना चुकीच्या निदानाचा खर्च कंपनी सोसते. वॉरंटी संपली की तोच खर्च आपल्या खिशातून जातो. म्हणून स्कॅनिंग आणि तपासणीचे पैसे देताना हात आखडू नका, ते सगळ्यात वसूल होणारे पैसे आहेत.

वर्कशॉप असेंब्लीवर अडून का बसतात, याचं अर्धं कारण प्रामाणिक आहे. अनेक कंपन्या टॉर्क सेन्सर किंवा मोटर सुटी विकतच नाहीत. मोटर, सेन्सर आणि कॉलम असा एकच पार्ट नंबर असतो. उरलेलं अर्धं कारण वाचकांनी ओळखावं.

खरोखर असेंब्लीच गेली असेल तर तीन वाटा आहेत: नवी कोरी, दुरुस्त करून मिळणारी आणि जुन्या बाजारातली. नवी घेताना पार्ट नंबर आणि किंमत लेखी घ्या आणि दुसऱ्या वर्कशॉपकडेही विचारा. जुनं एस्टिमेट हातात असेल तर ते नव्याने मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. असेंब्लीवर गाडीच्या कंपनीखेरीज दुसरं नाव दिसलं तरी दचकू नका. स्टिअरिंग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. पूर्वी सोना कोयो आणि आता जेटेक्ट इंडिया म्हणून ओळखली जाणारी कंपनी त्यांपैकीच एक.

हायड्रॉलिक रॅक आणि पंप दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत सापडतात. सील किट बदलून रॅक पुन्हा चांगला चालतो, मात्र आतल्या रॉडवर गंज किंवा ओरखडे नसतील तरच. ओरखडे असलेल्या रॉडवर नवं सील टाकलं तर ते काही महिन्यांत पुन्हा फाटतं. म्हणून रॅक खोलल्यावर रॉड स्वतः बघा. नखाला खाच लागली तर दुरुस्तीचा हट्ट सोडा. ईपीएसचं कंट्रोल युनिट दुरुस्त करणारेही आहेत, त्यात सोल्डरिंग सुटलेलं किंवा रिले जळलेला असतो. हे काम करून घ्यायचं तर किती महिन्यांची हमी, हे बिलावर लिहून घ्या. टॉर्क सेन्सर उघडून दुरुस्त करतो म्हणणाऱ्याच्या मात्र वाटेला जाऊ नका. स्टिअरिंगला कुठल्या बाजूला किती जोर द्यायचा हे तोच सेन्सर ठरवतो, आणि तो चुकला तर गाडी स्वतःहून वळू पाहते.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांसाठी लोक धाव घेतात ती ठिकाणं. कुर्ल्यात भंगारात निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात आणि स्टिअरिंगही मिळतं. घ्यायला हरकत नाही, पण ते कुठल्या गाडीतून निघालंय हे कळल्याशिवाय घेऊ नका. पुढून धडकलेल्या गाडीचा कॉलम घेऊ नये. चालकाच्या छातीवर आदळू नये म्हणून कॉलम धडकेत आत दबण्यासाठीच बनवलेला असतो. एकदा दबलेला किंवा किंचित वाकलेला कॉलम बाहेरून ठीक दिसतो आणि पुढच्या अपघातात घात करतो. पुरात बुडालेल्या गाडीचं युनिट तर फुकट मिळालं तरी नको. स्टिकरवरचा पार्ट नंबर आपल्या जुन्या युनिटच्या नंबरशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मॉडेल तेच असून पेट्रोल-डिझेलला वेगळं युनिट असू शकतं.

बसवतानाची एक गोष्ट फिटरला सांगून ठेवाच. कॉलम काढताना चाकं सरळ हवीत आणि स्टिअरिंग फिरू नये म्हणून सीट बेल्टने बांधलेलं हवं. एअरबॅग आणि हॉर्नची वायर स्टिअरिंगमागे गुंडाळलेल्या फितीतून येते. कॉलम मोकळा असताना कुणी गंमत म्हणून स्टिअरिंग गरगर फिरवलं की ती फीत तुटते, हॉर्न जातो, एअरबॅगचा दिवा लागतो आणि नवा खर्च सुरू होतो. नवं किंवा जुनं कुठलंही युनिट बसवल्यावर स्कॅनरने त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, शेवटी व्हील अलाइनमेंट. ज्या गॅरेजकडे त्या गाडीचं कॅलिब्रेशन करणारा स्कॅनर नाही, तिथे ईपीएसचं काम देऊ नका, मेकॅनिक कितीही ओळखीचा असो.

खरंच सगळं आपल्याच माथी?

खिशात हात घालण्याआधी कागद बघा. वॉरंटी संपली असं आपण धरून चालतो. खरेदीच्या वेळी घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी फायलीत विसरून गेलेले लोक कमी नाहीत. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून ताब्यात दिलेल्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. तेव्हा डिलिव्हरीची तारीख नीट बघा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करा.

मग रिकॉल. कंपनीने एखादी बॅच परत बोलावली असेल तर वॉरंटी संपलेली असली तरी तो भाग फुकट बदलून मिळतो. २४ जुलै २०२३ रोजी मारुतीने एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्या त्यात होत्या. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून आपली गाडी अशा यादीत आहे का ते बघता येतं. सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर मालकही करू शकतो. रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. एकट्याच्या तक्रारीने रिकॉल होत नाही, पण तक्रारी साठत जातात.

वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सगळी सर्व्हिसिंग कंपनीकडेच झालेली असेल, तर ‘गुडविल’ मागा. हा हक्क नाही, कंपनीची मेहेरबानी आहे. पण ती मागणाऱ्यालाच मिळते. डीलरच्या काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. त्यात चॅसिस नंबर, किलोमीटर, सर्व्हिसच्या तारखा, कोडचा फोटो आणि एस्टिमेट जोडा. पूर्ण नाही तरी पार्टच्या किमतीत वाटा उचलायला कंपन्या कधीकधी तयार होतात.

विम्याकडून मात्र आशा ठेवू नका. गाडीच्या नेहमीच्या विम्यात यांत्रिक आणि विजेचा बिघाड वगळलेला असतो, झिरो डेप्रिसिएशन घेतलं तरी. पुराचं पाणी आत शिरून ईपीएस जळलं असेल तर ते नैसर्गिक आपत्तीत मोडतं, तिथे दावा करता येतो; पण पाणी शिरलेली गाडी सुरू न करता आधी विमा कंपनीला कळवा. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर टोइंगचे पैसे तरी वाचतात.

चुकीचं निदान करून पार्ट बदलला, दिवा तसाच राहिला आणि वर्कशॉप हात वर करतंय, तर ही सेवेतली त्रुटी आहे. वॉरंटी संपली म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू व्हायचा थांबत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, घटनेपासून २ वर्षांच्या आत. गाडीतच उत्पादनदोष आहे असा दावा असेल, तर आयोग तो भाग तपासणीसाठी पाठवू शकतो. त्यासाठी तो भाग शिल्लक हवा. म्हणून एस्टिमेटवर सही करतानाच ‘जुना पार्ट परत हवा’ असं लिहा. एक्स्चेंजवर दुरुस्त युनिट घेत असाल तर जुनं द्यावं लागतं; तेव्हा निदान त्याचे आणि स्टिकरचे फोटो काढून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना बिल भरण्याआधी एक चक्कर मारा, मेकॅनिकला शेजारी बसवून. वळण घेतल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी सारख्याच ओढीने मध्यावर येतंय का, सरळ रस्त्यावर ते सरळच दिसतंय का, हॉर्न वाजतोय का, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा आणि स्टिअरिंगचा दिवा आधी लागून मग विझतोय का, हे बघा. दिवा अजिबात लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो, तेही विचारा. खड्ड्यातून नेताना खालून कट-कट आवाज येतो का ऐका. येत असेल तर गाडी तिथेच परत लिफ्टवर चढवायला लावा.